शहाजहानचा पादशाहनामा

मोगल दरबारच्या फारसी पोथ्यांत विंडसरच्या राजवाड्यांतील ‘पादशाहनाम्या’ची प्रत अग्रगण्य होय. आपल्या कारकीर्दीचा वृत्तान्त अबुल फजलच्या धर्तीवर लिहिला जावा, अशी शहाजहान बादशहाची इच्छा होती. त्या कामीं अब्दुल हमीद लाहोरी ह्या वृद्ध पंडितास पाटण्याहून पाचारण करण्यांत आलें. त्यानें पहिल्या वीस वर्षांचा इतिहास लिहिला व १६५४ सालीं तो निवर्तला. विंडसरच्या प्रतींत पहिलीं दहा वर्षें आलीं आहेत. मशहदच्या मुहंमद अमीन ह्या लेखनिकानें ती १६५६-५७ मध्यें लिहून पुरी केली. तींत ४४ चित्रें आहेत.

ह्या चित्रांपैकीं एक महाराष्ट्रांतलें आहे. तें म्हणजे १६३३ च्या दौलताबादच्या वेढ्याचें. महाबतखानानें किल्ला घेतला, मलिकंबरचा पुत्र फत्तेखान शरण आला आणि बाल निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या बंदिवासांत झाली. दरबारच्या लेखीं निजामशाही तेथेंच संपली. परंतु शहाजी राजांनीं दुसऱ्या अल्पवयी राजपुत्रास गादीवर बसवून झुंज चालू ठेविली. मोगल आणि आदिलशाही एक झाल्या, तेव्हांच १६३६ सालीं माहुलीस त्यांना तह करावा लागला.

लाहोरी त्यांना ‘साहू’ म्हणतो व बंडखोरांत गणतो. पगारी लेखणीकडून न्यायाची अपेक्षा कोण करील? तथापि नगण्य माणसासाठीं कोणताही दरबार शाई खर्चीत नाहीं. आपल्या बखरी पुष्कळ मागाहून लिहिल्या गेल्या. त्यांतील मोहिमांचा कालक्रम लावावयाचा तर ह्या समकालीन शत्रुग्रंथाचेंच साहाय्य घ्यावें लागतें. स्तुति वगळून तिथि घ्यावी, हाच त्याच्या वाचनाचा मार्ग होय.

दैवगति पहा. पोथी पुरी होते न होते तोंच, १६५७ च्या सप्टेंबरांत, बादशहा आजारी पडला. पुढच्याच वर्षीं औरंगजेबानें पित्यास आग्र्याच्या किल्ल्यांत कोंडलें. त्याच औरंगजेबानें लहानपणीं मत्त हत्तीवर भाला उगारल्याचें चित्र ह्या पोथींत कौतुकानें काढलेलें आहे!

पुढें ही पोथी लखनौच्या नबाबाकडून १७९९ सालीं इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाकडे गेली. १९९७ मध्यें तिचीं पानें दिल्लीस प्रदर्शनांत मांडलीं गेलीं व परत विंडसरला गेलीं. वैभव टिकावें म्हणून बादशहानें ग्रंथ लिहविला. वैभव गेलें, ग्रंथ मात्र उरला.