काठी, साखळी आणि फूटपट्टी

कृष्णाजी अनंत सभासदाने १७व्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराज जिंजीस असताना, त्यांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. त्यात अफजलखानाचा वध आहे, आग्र्याहून झालेली सुटका आहे, राज्याभिषेकाचा सोहळा आहे. आणि या थोर प्रसंगांच्या दाटीत, वाचकाची दृष्टी सहसा जेथे विसावत नाही अशा एका ठिकाणी, जमीन मोजण्याच्या काठीची लांबीही नमूद केलेली आहे. काठी पाच हात पाच मुठींची असावी, हात १४ तसूंचा धरावा, हात आणि मुठी मिळून काठी ८२ तसूंची भरावी, अशा २० काठ्या लांब आणि २० काठ्या रुंद जमिनीस एक बिघा म्हणावे आणि १२० बिघ्यांचा एक चावर समजावा, असा तो जाबता आहे.

हा रूक्ष दिसणारा मजकूर मला त्या बखरीतील कोणत्याही लढाईच्या वर्णनाइतका मोलाचा वाटतो. पाच हातांचे ७० तसू होतात. तेव्हा पाच मुठींच्या वाट्यास १२ तसू उरतात आणि ते पाचांत सारखे विभागले जात नाहीत. याचा अर्थ असा की, ज्याने हा ठराव केला त्याने लोकांच्या ओळखीचे हात आणि मूठ हे शब्द कायम ठेवले, परंतु काठीची अखेरची लांबी कोणाच्याही हातावर किंवा मुठीवर अवलंबून न ठेवता ती एका आकड्याने बांधून टाकली. मोजणीदार उंच असो वा ठेंगणा, त्याची मूठ रुंद असो वा अरुंद, काठी ८२ तसूंचीच राहावी.

यात केवढा न्याय सामावलेला आहे, हे काठी विसाव्या हिश्शाने आखूड झाली तर काय होते एवढा हिशेब केला म्हणजे ध्यानात येते. काठी शेताच्या लांबीलाही लागते आणि रुंदीलाही लागते. त्यामुळे लांबीतील विसाव्या हिश्शाची तूट क्षेत्रात दशांशाहून अधिक वाढीच्या रूपाने प्रकट होते आणि धारा बिघ्यावर आकारला जात असल्यामुळे कुणब्याने एक वीतभर जमीन अधिक न नांगरता त्याच्यावर तितका अधिक सारा बसतो. शिवछत्रपतींचे कारभारी अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली गावोगाव जमिनीची पाहणी झाली, तेव्हा रयतेच्या दृष्टीने स्वराज्याचा अर्थ बऱ्याच अंशी त्या काठीच्या लांबीत होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

हात, वीत, मूठ आणि अंगूळ ही मापे मात्र स्वराज्याहून कितीतरी प्राचीन. ती देहाची मापे असल्यामुळे ती वापरण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती आणि घरी विसरण्याचाही संभव नव्हता. दोन्ही हात फैलावून होणारी वाव कोळ्याच्या दोराला लागे, हात वर करून उभ्या राहिलेल्या पुरुषाची उंची म्हणजे परस विहिरीच्या खोलीला लागे, आणि विणकराच्या पट्टीला किंवा सुताराच्या फळीला हात आणि बोटे पुरेशी होत. वस्तू ज्याने करावयाची त्यानेच ती वापरावयाची, किंवा करणारा आणि वापरणारा समोरासमोर बसलेले असावयाचे, तोवर या मापांत उणे असे काही नव्हते. यज्ञवेदीच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत तर देहमापाला धार्मिक अर्थच दिलेला आहे. १२० अंगुळांचा एक पुरुष हे वेदीचे मोठे माप, आणि ते हात उंचावून उभ्या असलेल्या यजमानाच्या देहावरून घ्यावयाचे. म्हणजे ज्याचा यज्ञ त्याच्याच शरीराच्या प्रमाणात त्याची वेदी. परंतु त्याच सूत्रकारांपैकी बौधायन अंगुळाची लांबी १४ अणू, म्हणजे त्या नावाच्या धान्याचे १४ दाणे, किंवा ३४ तीळ अशीही सांगतो. देहमापालाही देहाबाहेरचा आधार शोधावा, ही प्रवृत्ती इतकी जुनी आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हीच प्रवृत्ती राज्याच्या हाती गेलेली दिसते. देश आणि काल यांच्या मापांवर त्याने एक स्वतंत्र प्रकरण लिहिले असून, त्यात आठ यवमध्यांचे, म्हणजे जवाच्या आठ दाण्यांच्या मध्यभागांच्या रुंदीइतके, एक अंगूळ, किंवा मध्यम उंचीच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मध्यभागाची रुंदी ते अंगूळ, अशी व्याख्या दिली आहे. १२ अंगुळांची वितस्ती, २४ अंगुळांचा अरत्नी, म्हणजे हात, आणि ९६ अंगुळांचा दंड. येथवर सर्व सरळ आहे. पण पुढे तो गायरानासाठी २८ अंगुळांचा, सुतारकामासाठी आणि छावणी, दुर्ग व राजवाडा यांच्या बांधकामासाठी ४२ अंगुळांचा, तर अरण्यातील लाकडासाठी ५४ अंगुळांचा हात सांगतो. आणि ब्राह्मणांना दान द्यावयाच्या भूमीसाठी जो दंड सांगतो तो नेहमीच्या दंडाच्या दुप्पट, १९२ अंगुळांचा आहे. दान उदारपणे दिले जावे हा त्यातील हेतू उघड आहे. तरीसुद्धा मला असे वाटते की, अनुग्रह करावयाचा तो बिघ्यांची संख्या वाढवून करावा, माप लांबवून करू नये. कारण एकदा माप देणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे लांबू लागले, की ते घेणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे आखूड होण्यासही वेळ लागत नाही.

या ग्रंथांच्याही कितीतरी पूर्वी सिंधू संस्कृतीच्या लोकांनी आखणी केलेल्या मोजपट्ट्या तयार केल्या होत्या, ही गोष्ट उत्खननांनी सिद्ध केली आहे. मोहेंजोदडो येथे शिंपल्याच्या पट्टीचा जो तुकडा मिळाला, त्यावरील रेषांमधील अंतर सुमारे ६.७ मिलिमीटर आहे. गुजरातेत लोथल येथे सापडलेल्या हस्तिदंती पट्टीवर ४६ मिलिमीटरांच्या अवकाशात २७ भाग पाडलेले असून, एकेक भाग सरासरी १.७ मिलिमीटरांचा भरतो. तीळभर अंतरही निरखून आखणारा तो कारागीर कोण होता हे कधीही कळणार नाही. पण एवढ्या बारीक खुणांची ज्याला गरज भासली, त्याचे काम केवळ वीत आणि बोटे यांनी भागत नव्हते, एवढे निश्चित.

जमिनीच्या मोजणीत मात्र लाकूड आणि हस्तिदंत यांपेक्षा दोराचेच राज्य दीर्घकाळ चालले, आणि दोराच्या अंगचा दोष अकबराच्या अंमलात सरकारी पातळीवर विचारात घेतला गेला. तागाचा दोर ओला झाला म्हणजे आखडतो आणि वाळला म्हणजे सैल पडतो; त्यामुळे एकाच शेताचे क्षेत्र पहाटेच्या दवात एक आणि दुपारच्या उन्हात दुसरे निघे, आणि मोजणारे कारकून कोणती वेळ निवडावयाची हे जाणून असत. यावर उपाय म्हणून दोराच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या दांड्या आल्या, आणि पुढे अकबराने ४१ अंगुळांचा इलाही गज ठरवून दिला, असे आईन-इ-अकबरीवरून दिसते. ६० गज लांब व तितकीच रुंद जमीन तो बिघा. बांबू ओला झाला तरी आखडत नाही, एवढ्या साध्या गोष्टीने लक्षावधी शेतकऱ्यांच्या वाट्यास थोडा अधिक न्याय आला.

पण एका बादशहाचा हुकूम साऱ्या मुलखात सारखा चालत नसे. कंपनी सरकारचे अधिकारी व्यापाराच्या निमित्ताने या देशातील मापांची मोजदाद करू लागले, तेव्हा त्यांना मुंबईचा गज २७ इंचांचा, मद्रासचा ३३ इंचांचा आणि बंगालचा ३६ इंचांचा आढळला. मुंबईच्या गजाचे २४ तसू होते आणि १६ तसूंचा हात १८ इंच भरे. म्हणजे सभासदाच्या १४ तसूंच्या हाताशी त्याचा मेळ बसत नव्हता. एकाच नावाच्या गजाने मुंबईस घेतलेले कापड बंगाल्यात जाऊन पाऊणपट भरावे, हा घोळ व्यापाऱ्यांना पाठ होता. अडाणी गिऱ्हाइकाला नव्हता. १८८९ साली इंग्रज सरकारने लांबीच्या मापांचा कायदा करून इंग्लंडचा यार्ड, ज्याला आपण वार म्हणतो, हे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रमाण माप ठरविले.

जमिनीच्या बाबतीत हे स्थित्यंतर अर्धशतक आधीच झाले होते, आणि तेही आपल्या इंदापूर तालुक्यात. पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने जी मोजणी आणि आकारणी केली होती, तिचा बोजा असह्य होऊन शेतकऱ्यांनी शेते पडीक टाकली, गावे ओस पडू लागली. तेव्हा गोल्डस्मिड आणि लष्करी इंजिनिअर विंगेट यांनी १८३६च्या सुमारास इंदापुरापासून नव्याने आरंभ केला. त्यांच्या पद्धतीचे साधन म्हणजे ३३ फुटांची लोखंडी साखळी. इंग्लंडमध्ये एडमंड गंटर याने १६२०च्या सुमारास प्रचारात आणलेली साखळी ६६ फुटांची आणि १०० कड्यांची होती. येथे तिची लांबी निम्मी करून तिचे १६ भाग पाडण्यात आले आणि त्यांना आणे हे नाव मिळाले. मला या योजनेत मोठे शहाणपण दिसते. ज्या कुणब्याला दशांश अपूर्णांक शिकविणे अशक्य होते, त्याला रुपयाचे १६ आणे जन्मापासून ठाऊक होते. त्यामुळे आपल्या शेताच्या बांधावर बसून मोजणीदाराचा हिशेब तो स्वतः तपासून पाहू शकत होता. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन तो गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. बिघा आणि चावर हळूहळू दफ्तरातून नाहीसे झाले, आणि गुंठा मराठी माणसाच्या जिभेवर असा बसला की तो परक्या राजवटीचा आहे हेही कोणाच्या ध्यानी राहिले नाही.

याच काळात शाळांतून फूटपट्टी आली. बारा इंच लांबीची लाकडी पट्टी आणि प्रत्येक इंचाचे आठ भाग. या आठव्या भागाला सुतार आणि लोहार सूत म्हणू लागले, आणि बांधकामावरचे लोक आजही लोखंडी सळई तीन सुती की चार सुती असे विचारतात. मुलाला वहीची लांबी, पाटीची रुंदी, पेन्सिलीची उंची मोजावयास सांगणे हा वरकरणी अगदी प्राथमिक पाठ आहे. परंतु तो पाठ चांगला देणारे शिक्षक दोन गोष्टींचा आग्रह धरीत. वस्तूचे टोक पट्टीच्या झिजलेल्या कडेला न लावता शून्याच्या रेषेलाच लावावे, आणि खूण वाचताना डोळा तिच्या नेमका समोर धरावा, तिरका नव्हे. मोजणीदाराने शेतात जी शिस्त पाळावयाची तीच ही शिस्त आहे, आणि ती आठव्या-नवव्या वर्षी बोटांत भिनली तर ती आयुष्यभर टिकते.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली संसदेने वजने-मापांचा कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली, १९५७च्या एप्रिलमध्ये नवा पैसा आला आणि १९५८च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने नवी मापे बाजारात आली. फूटपट्टीच्या एका कडेला इंच होतेच. दुसरीवर सेंटिमीटर आले, आणि एका पिढीला दोन्ही कडांचा अभ्यास करावा लागला. कापडाच्या दुकानात मीटरची दांडी आली तरी स्त्रिया लुगडे नऊ वारांचेच मागत राहिल्या, आणि दुकानदार सव्वाआठ मीटरांच्या जवळपास मोजून देत राहिला. जमिनीत मात्र एक विलक्षण योग जुळून आला होता. ३३ फूट म्हणजे १० मीटरांहून सहा सेंटिमीटरच अधिक. त्यामुळे गुंठा आणि १०० चौरस मीटरांचा आर यांत शंभरास एक-सव्वा इतकीच तफावत पडते. विंगेटच्या साखळीला मीटरची कल्पनाही नव्हती, पण तिच्यामुळे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हेक्टर आणि आर समजून घेणे इतर प्रांतांतील बिघा मोजणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा फार सोपे गेले.

सात-बाराच्या उताऱ्यावर आता क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिले जाते. परंतु बांधाचा तंटा उपस्थित झाला आणि मूळ हद्द शोधावयाची वेळ आली, म्हणजे भूमिअभिलेखाच्या दफ्तरातून त्या शेताचे जुने टिपण काढावे लागते, आणि त्यावर पहिल्या मोजणीची अंतरे साखळी आणि आणे यांतच मांडलेली असतात. नवे इलेक्ट्रॉनिक यंत्र घेऊन बांधावर उभ्या असलेल्या भूकरमापकाला आधी ते आणे मीटरमध्ये उतरवावे लागतात, आणि मग हद्दीच्या दगडाचा शोध सुरू होतो.