शाळेतील शेजारधर्म

काही दिवसांपूर्वी वर्गात एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला 'यहुदी' म्हणून हिणवले. पॅलेस्टाईनमधील अन्यायाबद्दलचा संताप समजण्यासारखा आहे. परंतु ज्या समाजाचा एकही माणूस या मुलाने पाहिला नव्हता, त्याचे नाव शिवी कसे झाले? मी शिक्षा केली नाही; इतिहास सांगितला.

कोकणातील बेने इस्रायल हे मराठी बोलणारे यहुदी. ते तेलाचा घाणा चालवीत व शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आपल्या प्रार्थनागृहाला ते 'मशीद'च म्हणत. मुंबईतील त्यांची पहिली मशीद १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी बांधली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १९४८ नंतर बहुतेक यहुदी कुटुंबे इस्रायलला गेली. शाळा मात्र बंद पडली नाही. तिचे वर्ग प्रामुख्याने मुस्लिम मुलांनी भरले. यहुद्यांनी घातलेल्या पायावर आपली मुले शिकली.

एका यहुद्याचा जनाजा जाताना पैगंबर हजरत मुहंमद (स.) उभे राहिले, अशी हदीस आहे. आपल्या मुलाला कोणी धर्मावरून हिणवले तर आपले काळीज तुटते. तोच न्याय दुसऱ्यालाही लावावयास हवा. जुलमाविरुद्ध अवश्य बोलावे, पण जमातीचा द्वेष करू नये, हे पालकांनी घरी आणि शिक्षकांनी शाळेत एकाच सुरात सांगावे, ही नम्र विनंती.