कागदी नोट आणि फाशीचा दोर : इंग्लंडमधील दोन व्यंगचित्रे (१७९७ व १८१९)

राजकीय व्यंगचित्राचा इतिहासाचे साधन म्हणून विचार करताना, त्याने काय घडवून आणले, हा प्रश्न प्रथम पुढे येतो. परंतु चित्रकाराने अपराधी कोणास ठरविले, हा प्रश्न पुष्कळदा अधिक फलदायी असतो. इंग्लंडच्या चलनविषयक इतिहासातील दोन चित्रे या दृष्टीने तुलना करण्याजोगी आहेत.

फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंचांची एक तुकडी वेल्सच्या किनाऱ्यावर उतरली. युद्धखर्चामुळे बँक ऑफ इंग्लंडचा सुवर्णसाठा आधीच रोडावला होता. त्यात लोक घाबरून सोने मागू लागले. २६ फेब्रुवारी रोजी नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविण्याचा हुकूम निघाला. मे महिन्यात जेम्स गिलरे याने यावर चित्र काढले. त्यात बँक ही नोटांचा झगा ल्यालेली एक वृद्धा असून सोन्याच्या पेटीवर बसून ती आक्रोश करीत आहे; पंतप्रधान पिट प्रणयाच्या मिषाने तिच्या खिशात हात घालीत आहे. येथे सरकार अपराधी व बँक बळी ठरते. अशी चित्रे विकत घेणारा वर्ग सुखवस्तू होता, आणि त्याला चिंता होती ती सोन्याची.

या हुकुमाचा खरा भार मात्र अन्यत्र पडला. तोवर पाच पौंडांहून लहान नोट बँक काढीत नसे. आता एक व दोन पौंडांच्या नोटा निघाल्या आणि कागदी चलन प्रथमच सामान्यांच्या हाती खेळू लागले. नोटांची छपाई साधी असल्याने त्यांची नक्कल सुलभ होती, आणि निरक्षरास खरे-खोटे ओळखणे कठीण होते. खोटी नोट जाणूनबुजून चालविणे हा देहान्त शिक्षेस पात्र असा गुन्हा होता, व हे खटले बँक स्वतः चालवीत असे. १७९७ ते १८२१ या काळात सुमारे ३०० माणसे या पायी फासावर गेली.

जानेवारी १८१९ मध्ये जॉर्ज क्रुकशँकने काढलेले व विल्यम होन याने प्रसिद्ध केलेले चित्र नोटेच्याच आकारात होते. त्यात फासावर लटकणाऱ्या स्त्री-पुरुषांची रांग आहे, पौंडाचे चिन्ह दोराच्या वेटोळ्याचे आहे, ब्रिटानिया आपलीच बालके भक्षण करीत आहे, आणि खाली सही आहे ती एका कुप्रसिद्ध फाशी देणाऱ्याची.

याच चित्रामुळे लहान नोटांसाठीच्या फाशा थांबल्या, असा दावा क्रुकशँकने उतारवयात केला. तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. लंडनमधील ज्यूरींनी डिसेंबर १८१८ मध्येच आरोपींना दोषी ठरविण्यास नकार देण्यास प्रारंभ केला होता. उलटपक्षी बनावटगिरीसाठी फाशी देणे १८२९ पर्यंत सुरूच राहिले. १८२१ मध्ये नोटांवर पुन्हा सोने मिळू लागले, त्यामागे रिकार्डोप्रभृतींचा दीर्घ युक्तिवाद व १८१९ चा कायदा होता.

तथापि या चित्राचे साधनमूल्य त्यामुळे उणावत नाही. बावीस वर्षांपूर्वी बळी म्हणून रंगविलेली बँक येथे वधकर्ती झाली आहे. चलनाच्या धोरणाची किंमत कोणी मोजली, याविषयीचे लोकमत किती पालटले होते, हे या दोन चित्रांतील अंतरावरून मोजता येते; सुवर्णसाठ्याच्या आकड्यांवरून ते कळले नसते.