तळटीप : ओव्याची धुरी

ओव्याची धुरी : राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, आल्यावर खुराड्यात धुरी देण्याचा हा उपाय निव्वळ भाबडा नाही. (इंग्लंडातील न्यूकॅसल येथे १९२६ मध्ये आढळलेला हाच रोग पुढे कुमाऊंतील राणीखेतमध्ये नोंदला गेला.) ओव्याच्या तेलात थायमॉल, निलगिरीच्या तेलात सिनिओल, लवंगेच्या तेलात युजेनॉल मुख्य असते. राणीखेत, बर्ड फ्लू आणि कोंबड्यांचा संसर्गजन्य ब्राँकायटिस यांच्या विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असते. तेलातील द्रव्ये ते आवरण विस्कटतात आणि विषाणूला पेशीत शिरणे जड जाते. प्रयोगशाळेत हा गुण ठळक दिसतो तो मुख्यतः विषाणू पेशीत शिरण्याआधीच तेलाशी त्याची गाठ पडली तर. गंबोरो या कोंबड्यांच्याच दुसऱ्या रोगाच्या विषाणूला मात्र असे आवरणच नाही. तिथे ही युक्ती लंगडी पडते.

पण परीक्षानळीतले यश खुराड्यात तसेच उतरत नाही. तेल पाण्यात विरघळत नाही, हवेत उडून जाते, आणि मात्रा वाढवली तर पक्ष्याच्याच पेशींना इजा होते. धुरीतून किती तेल पोहोचते याला तर मापच नाही. उलट कोंबडीच्या नाजूक श्वसनमार्गाला धूर बाधतो. म्हणून आमचा आग्रह असा, की लेखकाची धुरी वाचकाने लोकस्मृती म्हणून जपावी, पिल्लांना मात्र राणीखेतवरची लासोटासारखी लस वेळेवर द्यावीच. ती जिवंत लस असल्याने ज्या पाण्यातून द्यायची, त्यात ओव्याचे किंवा निलगिरीचे तेल मुळीच मिसळू नये.
— संपादक