सरळ कांडी, तिरकी कांडी

गिटार मांडीवर आडवी ठेवायची, तारांवरून पोलादाची कांडी फिरवायची आणि उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडायच्या. हवाइयन गिटारची रीत एवढीच. या रीतीचा शोध ओआहू बेटावरच्या लाइए गावात 1874 साली जन्मलेल्या जोसेफ केकुकु यांच्या नावावर आहे. शाळकरी वयात रेल्वेरुळांच्या कडेने चालताना सापडलेला बोल्ट त्यांनी तारांवर घासून पाहिला, अशी गोष्ट हवाईत सांगतात. पुढे खिशातला चाकू झाला, कंगवा झाला आणि अखेर होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेच्या कार्यशाळेत त्यांनी पोलादाची कांडी घडवून घेतली. जुन्या हवाई संगीतकारांच्या आठवणींत आणखी एक नाव येते, गेब्रिएल डेव्हियन. भारतात जन्मलेला आणि जहाजावरून होनोलुलूला पोचलेला हा माणूस केकुकुंच्याही आधी तारेवर वस्तू घासून वाजवत असे, असे ते सांगत. पण वाद्याला शिस्त लावली आणि ते जगभर नेले ते केकुकुंनीच. 1904 साली त्यांनी हवाई सोडले, अमेरिका आणि युरोपात कार्यक्रम केले आणि 1932 मध्ये न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले.

या वाद्याची खरी अडचण कांडीतच आहे. बोटे वेगवेगळ्या तारा वेगवेगळ्या पडद्यांवर दाबू शकतात. सरळ कांडी मात्र सगळ्या तारा एकाच पडद्यावर धरते. त्यामुळे तारा एखाद्या कॉर्डमध्येच, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहातच, लावाव्या लागतात. मेक्सिकोतून आलेल्या गुराख्यांनी 1830च्या दशकात हवाईत गिटार आणली, तेव्हापासून तिथले लोक तारा सैल करून त्या मोकळ्या कॉर्डमध्ये लावतच होते. हवाइयन गिटारला तीच सवय कामी आली. सुरुवातीचे लोकप्रिय ट्यूनिंग ‘ए मेजर’चे: खालून वर ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. ए म्हणजे सा धरला, तर प सा प सा ग प. यात कांडी कुठेही सरळ ठेवा, मेजर कॉर्डच मिळते. मायनरची वाट बंद.

ती वाट तिरक्या कांडीने उघडली. सर्वांत वरच्या दोन तारा ग आणि प या स्वरांच्या. त्यांच्यात तीन अर्धस्वरांचे अंतर. पण एखादी सुरावट जोडस्वरांत वाजवायची तर ग-प, ध-सां यांत तीन आणि म-ध, प-नी यांत चार अर्धस्वर लागतात. मग ग-प मोकळ्या तारांवर घ्यायचे आणि म-ध साठी ग ची तार पहिल्या पडद्यावर, प ची तार दुसऱ्या पडद्यावर धरायची. वादकापासून दूर असलेले कांडीचे टोक घोडीकडे सरकते. हा ‘फॉरवर्ड स्लँट’. याच्या उलट, सा आणि ग च्या तारांवर रे-म हवे असेल तर सा ची तार दुसऱ्या पडद्यावर आणि ग ची पहिल्यावर यावी लागते. तेव्हा अंगठ्याने कांडीचे जवळचे टोक पुढे ढकलायचे. हा ‘रिव्हर्स स्लँट’. तो जास्त अवघड.

खरी परीक्षा कोनाची. सुमारे 65 सेंटिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा साडेतीन सेंटिमीटरवर येतो. अकराव्या आणि बाराव्या पडद्यांत जेमतेम दोन सेंटिमीटर उरतात. म्हणजे प्रत्येक जागी तिरकस कोन वेगळा. तीन तारांवर तिरकी कांडी टेकवली की मधली तार सुरात राहीलच असे नाही. इथे पडद्याच्या खुणांचा उपयोग मर्यादित, कानच प्रमाण.

1912 मध्ये ‘द बर्ड ऑफ पॅराडाइज’ हे हवाईवरचे नाटक ब्रॉडवेवर आले, 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाई दालनाने गर्दी खेचली आणि अमेरिकेला या सुरांचे वेड लागले. त्या लाटेतला सर्वांत चपळ वादक सोल हूपी. 1920च्या दशकातल्या त्याच्या ध्वनिमुद्रणांत जॅझची गती आणि तिरकी कांडी दोन्ही आहेत. 1932 मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकर कंपनीची तव्यासारखी ‘फ्राइंग पॅन’ ही पहिल्या विजेच्या गिटारांपैकी एक, आणि तीही मांडीवरचीच. सूर आता जास्त वेळ टिकू लागला. हूपीने ‘सी शार्प मायनर’ ट्यूनिंग रूढ केले: बी, डी, ई, जी शार्प, सी शार्प, ई. त्यात कांडी सरळ ठेवूनही मायनर आणि सेव्हन्थ कॉर्ड निघतात. ओहायोत जन्मलेल्या जेरी बर्डने ‘सी सिक्स्थ’ लोकप्रिय केले. सी, ई, जी, ए, सी, ई या तारांत सी मेजर आणि ए मायनर शेजारी नांदतात. प्रत्येक नवे ट्यूनिंग एखादी कॉर्ड सोपी करी आणि दुसरी अवघड. म्हणून एकाच वाद्याला दोन-तीन माना बसू लागल्या. मग पायपट्ट्या आल्या. 1954 मध्ये वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने पेडल दाबून तारा वाजत्या असतानाच त्यांचा स्वर चढवला आणि अमेरिकन कंट्री संगीतात तिरक्या कांडीची गरज झपाट्याने कमी झाली. बर्डने मात्र पेडलला पाय लावला नाही. पुढे होनोलुलूत स्थायिक होऊन त्याने हीच जुनी विद्या हवाईच्या मुलांना शिकवली.

भारतात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. हवाइयन संगीतकार टाऊ मोए यांचे फिरते कुटुंब 1940च्या दशकात कोलकात्यात राहिले आणि तिथे हवाइयन गिटार रुजली. मुंबईत व्हॅन शिपले यांनी याच वाद्यावर हिंदी चित्रपटगीते घरोघरी पोचवली. ब्रिजभूषण काबरा यांनी अली अकबर खाँ यांच्याकडे शिकून त्यावर राग मांडला. रागाला कॉर्ड नको, मींड हवी. एका तारेवर सरळ कांडीने ती अखंड निघते, त्यामुळे इथल्या रागवादनात तिरक्या कांडीची गरजच पडली नाही. हूपीची 1920च्या दशकातली ध्वनिमुद्रणे आणि काबरांचा सहभाग असलेली 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकून पाहावीत. एकाच कांडीचे हे दोन स्वभाव वाचण्यापेक्षा ऐकून लवकर कळतात.