टाळीची सनद

विरार लोकलमध्ये टाळी ऐकू आली की डब्यातल्या माना एकदम मोबाईलमध्ये जातात. कुणी दहाची नोट काढतं, कुणी झोपेचं सोंग घेतं, आणि एखादे काका हमखास म्हणतात, "यांना काहीतरी नियम घालून द्यायला पाहिजेत. पूर्वी असं नव्हतं." हे 'पूर्वी' नक्की कसं होतं ते बघायला एक विकांत घालवला, आणि निघालं भलतंच!

पूर्वी, म्हणजे मराठी राज्यात, हिजड्यांचं मागणं हा चक्क हक्क होता. कागदोपत्री. (आज आपण तृतीयपंथी म्हणतो, पण जुना विषय आहे म्हणून जुनाच शब्द वापरतोय.) दख्खनमधल्या काही हिजड्यांकडे सनदा होत्या. ठरलेल्या मुलखात फिरून मागायचा हक्क, कुठे रोख नेमणूक, कुठे थोडी इनाम जमीन. साधारण वतनासारखंच, फक्त वारसा बापाकडून मुलाकडे न जाता गुरूकडून चेल्याकडे जायचा. गावानं त्यांना डोक्यावर घेतलं होतं असं मुळीच नाही. पण बलुतेदार जसा खळ्यावर आपला वाटा घ्यायला येतो, तसं यांचं येणं हिशेबात धरलेलं होतं. मला हे फार मोठं वाटतं. प्रेम नसलं तरी चालतं, हिशेबात असावं लागतं.

मग मध्ये येते आपली वसई. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं इथे इंग्रजांशी तह केला (शाळेत पाठ केलेला 'वसईचा तह' तो हाच) आणि १८१८ मध्ये राज्यच गेलं. कंपनी सरकारच्या गळ्यात या सनदाही आल्या. साहेबांची पंचाईत अशी, की आधीच्या सरकारनं दिलेले हक्क सहसा चालू ठेवायचे, पण म्हणून हिजड्याचा भीक मागायचा हक्क सरकारनं राखून द्यायचा? १८३० च्या दशकात मुंबई सरकारनं ठरवलं की नाही. सनद कुणाचीही असो, मागण्याच्या हक्काला सरकारचं पाठबळ नाही. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकारानं १९८७ मध्ये एका लेखात हे सगळं दप्तर उलगडून दाखवलंय.

मागणं अर्थातच थांबलं नाही. फक्त त्यामागचा कागद गेला. कालचा हक्कदार आज उपद्रवी!

आणि काकांना हवे असलेले नियम? तेही झाले की. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला माहीत असतो, पण त्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता हे कुणी सांगत नाही. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात पोलिसांनी संशयितांची नोंदवही ठेवायची. त्या वहीत नाव असलेल्यानं बायकी कपडे किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसायचं नाही, चारचौघांत नाचायचं-वाजवायचं नाही. नाहीतर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. हा भाग १९११ मध्ये रद्द झाला. पण २०११ मध्ये कर्नाटकानं, म्हणजे बेळगाव-कारवारसकट, आपल्या पोलीस कायद्यात कलम ३६अ घातलं आणि नोंदवही परत आणली! शंभर वर्षांपूर्वी डिलीट केलेला कोड कुणीतरी जुन्या बॅकअपमधून कॉपी-पेस्ट केला. प्रकरण कोर्टात गेल्यावर त्यातला 'हिजडे' शब्द बदलला.

आपल्याकडे १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा आहे. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं असं काहीही करून पैसे घेतले तरी ती भीकच, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबून ठेवायची सोय. रेल्वेच्या डब्यात भीक मागायला १९८९ च्या रेल्वे कायद्यानं वेगळी बंदी घातली. तेव्हा नियम नाहीत अशी तक्रार कुणी करू नये. दोनशे वर्षं नियमच नियम झालेत, काम मात्र कुणी दिलं नाही.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी ही स्वतंत्र ओळख मान्य केली, शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण द्या असंही सांगितलं. त्यानंतरच्या विधेयकात तृतीयपंथीयांना भीक मागायला लावणं हा गुन्हा धरला होता. आमच्या गुरूंनाच त्यात अडकवाल, आणि पोटापाण्याचं काय, असा आरडाओरडा झाल्यावर २०१९ च्या कायद्यातून ते वाक्य गळलं.

महाराष्ट्रात पोलीसभरतीच्या अर्जात 'पुरुष' आणि 'स्त्री' असे दोनच पर्याय होते. तिसरा द्या असं मॅटनं सांगितलं, तर राज्य सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयानं खडसावलं, तेव्हा कुठे अर्जात तिसरा चौकोन आला.