हृदयविकाराचा पहिला तास आणि बेलफास्टचा प्रयोग

हृदयविकाराच्या झटक्यावरील उपचारांचा इतिहास बहुधा उपकरणे व औषधे यांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वस्तुतः त्यातील निर्णायक प्रश्न निराळाच आहे : उपचारास प्रारंभ कोठे व्हावयाचा?

१९४७ साली क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेत उघड्या पडलेल्या हृदयाचा विस्कळित कंप विजेच्या आघाताने थांबविला. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी तेच कार्य छाती न उघडता साधले. या साधनांच्या बळावर १९६२ च्या सुमारास मोठ्या रुग्णालयांतून हृद्रोग्यांसाठी स्वतंत्र कक्ष निघू लागले व तेथील मृत्यूंचे प्रमाण घटले. परंतु हा लाभ कक्षापर्यंत जिवंत पोचणाऱ्यांपुरताच होता.

बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयातील फ्रँक पँट्रिज यांनी नेमके हेच हेरले. या विकाराने दगावणाऱ्या तरुण व मध्यमवयीन रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या तासाभरातच दगावतात, असे तत्कालीन पाहण्यांवरून दिसत होते. तेव्हा रोगी कक्षाकडे येण्याची वाट न पाहता कक्षच रोग्याकडे नेला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. जानेवारी १९६६ मध्ये त्यांनी रुग्णवाहिकेत मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे विद्युत्‌-आघाताचे यंत्र बसविले. त्याचे वजन सुमारे ७० किलो होते. त्यास 'सुवाह्य' म्हणणे धाडसाचेच! गाडीबरोबर डॉक्टर व परिचारिका जात. जॉन गेडिस यांच्यासह लिहिलेला त्यांचा वृत्तान्त १९६७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पंधरा महिन्यांत हाताळलेल्या ३१२ रोग्यांपैकी एकही वाटेत दगावला नव्हता.

पुढे रक्ताची गुठळी विरघळविणारी औषधे आली, तेव्हा वेळेचे मोल वेगळ्या रीतीने सिद्ध झाले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात औषध पहिल्या तासात दिलेल्यांचे मृत्युप्रमाण ८.२ टक्के, तर न दिलेल्यांचे १५.४ टक्के होते. सहा तासांनंतर मात्र औषधाचा लाभ दिसेना.

भारतातील २०,४६८ रोग्यांच्या नोंदींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या संदर्भात वाचण्यासारखा आहे. लक्षणांपासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यगत काळ ३६० मिनिटे होता. रुग्णालयात आल्यावर गुठळी विरघळविण्याचे औषध मिळेपर्यंतचा अवघा ५० मिनिटे.